नातालचा विमानतळ: जुना का सोडला आणि नवा परत का केला?

प्रश्न गोव्यातल्या एका वाचकाचा आहे. त्यांनी वाचलं, की ब्राझीलच्या ईशान्य टोकावरच्या नाताल शहरात हवाई दलाच्या तळावरून चालणारा जुना नागरी विमानतळ 2014 मध्ये बंद झाला, शहराबाहेर कोरा करकरीत नवा उभा राहिला, आणि सहा वर्षांच्या आत तो चालवणाऱ्या खासगी कंपनीने ‘आम्हाला हा नको’ म्हणून सरकारला परत देऊ केला. ते विचारतात, जागाच चुकली होती का? जुना होता तोच बरा नव्हता का? मनात गोव्याचे दोन विमानतळ, नौदलाच्या तळावरचा जुना दाबोळी आणि नवा मोपा, आहेत, हे त्यांनी लपवलेलं नाही. शिवाय डिसेंबरात लिस्बनहून ते सहकुटुंब नातालला जाणार आहेत, तर तिथल्या सोयींबद्दलही लिहा म्हणतात.

विमानतळांचे प्रवासी-अंदाज बांधायचे आणि त्यावरून टर्मिनल किती मोठं हवं ते सांगायचं, हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. त्यामुळे उत्तर त्याच चष्म्यातून येणार, हे आधीच सांगतो. तुमच्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न गुंतले आहेत: विमानतळाची जागा बरोबर होती का, टर्मिनलचा आकार बरोबर होता का, आणि करार बरोबर होता का. वर्तमानपत्रांत तिन्हींचा एकच गोळा होतो. नातालमध्ये मात्र तिन्हींची उत्तरं वेगवेगळी निघतात.

आधी जुन्या विमानतळाबद्दल, कारण तो साधासुधा नव्हता. नकाशा काढून बघा. दक्षिण अमेरिकेचा जो कोपरा आफ्रिकेकडे सगळ्यात पुढे घुसलेला दिसतो, तिथेच नाताल आहे. इथून डाकार साधारण तीन हजार किलोमीटर. विमानांचा पल्ला तोकडा होता तेव्हा अटलांटिक ओलांडायला याहून सोयीची जागा नव्हती. ऑक्टोबर 1927 मध्ये कॉस्त आणि ल ब्री हे दोन फ्रेंच वैमानिक सेनेगलच्या सेंट लुईहून उडाले ते थेट नातालला उतरले. दक्षिण अटलांटिक न थांबता ओलांडण्याची ती पहिली वेळ. शहराच्या दक्षिणेला पार्नामिरिमच्या माळावर फ्रेंच टपालविमानांसाठी मैदान तयार झालं तेही याच सुमारास. मे 1930 मध्ये मेर्मोझ हा फ्रेंच वैमानिक सेनेगलहून टपालाच्या पिशव्या घेऊन एकवीस तासांत आला. त्याचं विमान पाण्यावर उतरणारं होतं, म्हणून तो नातालच्या पोतेंजी नदीत उतरला. 1934 पासून जर्मन लुफ्तान्साची टपालविमानंही आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून नातालकडे येऊ लागली.

मग महायुद्ध आलं. अमेरिका युद्धात उतरण्याआधीच अमेरिकी सरकारने पॅन ॲम कंपनीला पुढे करून ब्राझीलच्या किनाऱ्यावर धावपट्ट्या बांधायला घेतल्या होत्या. युद्धखात्याचा हा करार नोव्हेंबर 1940 चा. ब्राझील तेव्हा तटस्थ होता, त्यामुळे कागदावर सगळं ‘नागरी’. ऑगस्ट 1942 मध्ये ब्राझीलने जर्मनी-इटलीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि पार्नामिरिम उघडपणे मित्रराष्ट्रांचा तळ झाला. एका अंगाला अमेरिकी, दुसऱ्या अंगाला ब्राझीलचं हवाई दल. बंदरातून तळापर्यंत इंधनाची नळवाहिनी टाकली होती, कारण उतरणाऱ्या प्रत्येक विमानाला पुढच्या समुद्रासाठी टाकी काठोकाठ भरून हवी असायची. कासाब्लांकाच्या परिषदेहून परतताना अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट 28 जानेवारी 1943 ला इथेच थांबले आणि ब्राझीलचे अध्यक्ष गेतुलियो वार्गास यांना नदीत नांगरलेल्या जहाजावर भेटले. या तळाला ‘त्रांपोलिम दा व्हितोरिया’ म्हणजे विजयाची उसळफळी म्हणायचे. नातालमध्ये हे नाव आजही ऐकू येतं.

आपला त्याच्याशी संबंध फारसा कुणाला ठाऊक नसतो. मायामीहून निघालेली विमानं बेलेम, नाताल, मग समुद्राच्या मधोमध असेन्शन बेट, तिथून आक्रा, पुढे आफ्रिका आडवी ओलांडून खार्तूम, आणि शेवटी कराची अशी यायची. कराचीहून आसामात, आणि आसामातून हिमालयावरून चीनला. ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी तेव्हाच्या हिंदुस्थानात उतरलेल्या कितीतरी अमेरिकी विमानांनी आणि सुट्या भागांनी नातालचं पेट्रोल खाल्लेलं होतं. असेन्शनची धावपट्टी 1942 च्या मध्यात तयार झाल्यावर हा रस्ता छोट्या विमानांनाही खुला झाला, कारण एकच लांब उडी दोन झेपेल अशा टप्प्यांत वाटली गेली.

हा इतिहास एवढा लांबवला तो एका कारणासाठी. नातालचं महत्त्व विमानाच्या पल्ल्याशी बांधलेलं होतं. लोक नातालला येत नव्हते, नातालवरून जात होते. लांब पल्ल्याची जेट विमानं आली आणि तो कोपरा गाठायची गरजच संपली. आज साओ पावलोहून युरोपला जाणारं विमान खाली न बघता निघून जातं. तरी शहराच्या मनात ‘आपण खंडांमधला दुवा आहोत’ हे बसलं ते बसलंच, आणि माझ्या मते नव्या विमानतळाची स्वप्नं त्याच आठवणीवर पोसली गेली.

युद्धानंतर 1946 मध्ये अमेरिकी गेले. तळ ब्राझीलच्या हवाई दलाकडे, आणि एका बाजूला नागरी टर्मिनल. 1951 मध्ये त्याला आउगुस्तो सेवेरो यांचं नाव दिलं. हे याच राज्यातले, राजकारणी आणि संशोधक. ‘पाक्स’ नावाचं एअरशिप (वायूने तरंगणारं फुग्यासारखं यान) त्यांनी बांधलं आणि मे 1902 मध्ये पॅरिसवर उडताना त्याचा स्फोट होऊन ते आणि त्यांचा मेकॅनिक दोघेही गेले.

आता जुना का सोडला ते. हवाई दलाच्या आवारात नागरी विमानतळ चालवणं म्हणजे काय, हे पुणेकरांना लोहगावमुळे आणि तुम्हाला दाबोळीमुळे समजावून सांगायला नको. धावपट्टी यजमानाची, वेळा यजमानाच्या सोयीच्या, आणि टर्मिनल वाढवायचं तर जमीन मागायची कुणाकडे? नातालच्या तळावर लढाऊ वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं, अधूनमधून अनेक देशांच्या हवाई दलांचा ‘क्रुझेक्स’ हा मोठा सरावही भरतो. मुख्य धावपट्टी सुमारे 2600 मीटरची होती. आसपास पार्नामिरिम गाव वाढून शहर झालेलं. आणि 2000 नंतरच्या काही वर्षांत युरोपातून चार्टर विमानं भरभरून येऊ लागली: पोर्तुगाल, हॉलंड, स्कँडिनेव्हिया, सगळे वाळूच्या टेकड्या आणि समुद्र बघायला. त्या काळात जो कोणी तक्ता मांडेल त्याला रेषा वर चढतानाच दिसणार. तेव्हा ‘दुसरी जागा हवी’ हा निष्कर्ष चूक म्हणता येत नाही. मीही तोच काढला असता.

नवी जागा नव्वदच्या दशकातच ठरली होती, शहराच्या पश्चिमेला सांव गोंसालो दो अमारांते या नगरपालिकेत. धावपट्टी 3000 मीटर लांब, 60 मीटर रुंद, आणि ती सरकारी खर्चाने, लष्कराच्या इंजिनिअरांकडून बांधून घेतली. काम रखडत रखडत चाललं. कल्पना प्रवासी विमानतळाएवढीच मालवाहतुकीची होती: आफ्रिका-युरोप-अमेरिका यांच्या मधला माल इथे उतरवायचा, शेजारी निर्यात क्षेत्र. पुन्हा तोच जुना कोपरा, बघा.

टर्मिनलसाठी मात्र खासगी कंपनी शोधायची ठरलं. 22 ऑगस्ट 2011 ला साओ पावलोच्या शेअर बाजारात लिलाव झाला. ब्राझीलच्या केंद्र सरकारने विमानतळ खासगी हातात द्यायची ही पहिलीच वेळ. किमान बोली 5 कोटी 17 लाख रेआल (ब्राझीलचं चलन). ब्राझीलची एक बांधकाम कंपनी आणि अर्जेंटिनाचा एक विमानतळ-समूह यांच्या ‘इन्फ्रामेरिका’ने बोली लावली 17 कोटी, म्हणजे किमान किमतीवर सुमारे 229 टक्के जास्त. मुदत 28 वर्षं: तीन बांधायला, पंचवीस चालवायला. 2014 च्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने नातालमध्येही होते, त्यामुळे तारीख हलवायला वाव नव्हता. 31 मे 2014 ला नवा विमानतळ सुरू झाला आणि जुन्यावरची नागरी वाहतूक थांबली. प्रवाशाच्या तिकिटावरचा ‘एनएटी’ हा कोड तसाच राहिला, फक्त वैमानिकांच्या कागदांवर ‘एसबीएनटी’च्या जागी ‘एसबीएसजी’ आलं. टर्मिनल वेळेत झालं. तिथे जाणारे रस्ते मात्र अपुरेच होते, आणि सुरुवातीच्या महिन्यांतली नातालकरांची बरीचशी नाराजी त्या रस्त्यांची होती.

इथून पुढचा भाग आकड्यांचा आहे आणि माझ्या धंद्याचा आहे, म्हणून जरा रेंगाळतो. टर्मिनल सुमारे 40 हजार चौरस मीटरचं, वर्षाला 62 लाख प्रवासी हाताळू शकेल असं. लिलावाआधीच्या सरकारी अभ्यासात 2019 साठी अंदाज होता सुमारे 43 लाखांचा. प्रत्यक्षात आले सुमारे 23 लाख. हे कोविडच्या आधीचं वर्ष आहे, लक्षात घ्या. म्हणजे महामारीवर खापर फोडायची सोय नाही.

लोकांना वाटतं, प्रवासी निम्मे आले तर खर्चही निम्मा होत असेल. तसं होत नाही. विमानतळावरच्या अग्निशमन दलाचंच घ्या. किती बंब आणि किती माणसं उभी ठेवायची, हे तिथे येणाऱ्या मोठ्यात मोठ्या विमानाच्या लांबी-रुंदीवरून ठरतं. आठवड्यातून मोजकीच मोठी विमानं येत असली तरी त्या वेळी सगळी फौज हजर लागते. धावपट्टीचे दिवे रिकाम्या धावपट्टीवरही लावावे लागतात, 40 हजार चौरस मीटरचं एसी अर्ध्या इमारतीपुरतं चालवणं फार थोड्या टर्मिनलांना जमतं, आणि सुरक्षा तपासणीची रांग छोटी झाली म्हणून यंत्र छोटं होत नाही. उत्पन्न मात्र जवळजवळ सगळं डोई मोजून येतं: प्रवासी शुल्क, दुकानांचं भाडं, पार्किंग.

त्यात नातालचा एक खास गुंता होता. पहिलाच करार असल्यामुळे एटीसी टॉवर, म्हणजे विमानांच्या ये-जा नियंत्रणाचा मनोरा, चालवायची जबाबदारीही कंपनीवर टाकलेली होती, आणि कंपनीचं सततचं म्हणणं असं की इथले प्रवासी शुल्काचे आणि टॉवरच्या शुल्काचे दर नंतर खासगी झालेल्या विमानतळांपेक्षा बरेच कमी ठरवले गेलेत. कंपनी स्वतःची बाजू मांडणारच. तरी पहिल्या करारात सरकारही शिकत असतं आणि बोली लावणाराही शिकत असतो, हे मी जगभर पाहिलं आहे. त्या शिकवणीची फी पहिल्या विमानतळाच्या माथी पडते.

मग अंदाज एवढा का हुकला? थोडं दैव. 2015 आणि 2016 अशी लागोपाठ दोन वर्षं ब्राझीलची अर्थव्यवस्था तीन टक्क्यांहून जास्त आक्रसली, रेआल घसरला, आणि 2019 मध्ये आव्हियांका ब्राझील ही विमान कंपनी बंद पडली. पण मला त्याहून मोठं कारण शेजारी वाटतात. नातालच्या दक्षिणेला रेसिफे, विमानाने जेमतेम अडीचशे किलोमीटर. वायव्येला फोर्तालेझा, सव्वाचारशेच्या आसपास. दोन्ही महानगरं चाळीस लाखांच्या घरातली, नाताल आणि परिसर मिळून पंधरा लाख. हब, म्हणजे विमान बदलायचं मुख्य केंद्र, कुठे करायचं हे विमानतळ ठरवत नाही, विमान कंपनी ठरवते, आणि ती आधी स्थानिक प्रवासी मोजते. लाताम समूहाने 2015 मध्ये ईशान्येत हब करायचं म्हणून नाताल, रेसिफे आणि फोर्तालेझा यांना झुंजवलं आणि पुढे बेतच गुंडाळला. आझुल या ब्राझीलच्या विमान कंपनीने रेसिफेत बस्तान मांडलं. एअर फ्रान्स-केएलएमने ब्राझीलच्याच गोल कंपनीसोबत 2018 मध्ये फोर्तालेझा धरलं. नातालकडे उत्तम धावपट्टी, मोकळी जागा आणि रिकामं टर्मिनल होतं. या तिन्ही गोष्टींसाठी कुणी विमान कंपनी हब हलवत नाही.

मार्च 2020 मध्ये इन्फ्रामेरिकाने विमानतळ परत करायचा अर्ज दिला. हे पळून जाणं नव्हतं. 2017 च्या एका कायद्याने ब्राझीलमध्ये सामंजस्याने करार परत करून फेरलिलाव करायची वाट ठेवलेली आहे; जुन्या कंपनीने जो पैसा घातला आणि अजून वसूल झालेला नाही, त्याचा हिशेब करून भरपाई द्यायची, आणि नवी कंपनी येईपर्यंत जुनीनेच विमानतळ चालवायचा. नातालमध्ये हा मधला काळ जवळजवळ चार वर्षं चालला. अशा काळात काय होतं? शौचालय स्वच्छ राहतं, सरकते जिने चालू राहतात, पण नव्या दुकानासाठी, नव्या मार्गासाठी कुणी धडपडत नाही. जाणाऱ्याने कशासाठी करावी? मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महाग पडलेली गोष्ट हीच वाटते, आणि ती कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

फेरलिलाव 19 मे 2023 ला झाला. झ्युरिक एअरपोर्टने 32 कोटी रेआलला तो घेतला, किमान किमतीच्या सुमारे 41 टक्के वर, तीस वर्षांसाठी. फेब्रुवारी 2024 मध्ये ताबा आला. हीच कंपनी ब्राझीलमध्ये फ्लोरियानोपोलिस आणि व्हितोरिया चालवते, आणि आपल्याकडचा नोएडाजवळचा जेवरचा विमानतळही तिच्याचकडे आहे. आता कुणी म्हणेल, 17 चे 32 कोटी झाले म्हणजे किंमत वाढली! असं सरळ तोलू नका. मधली बारा वर्षांची महागाई आहे, पैसे भरायच्या अटी वेगळ्या आहेत, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या वेळी टर्मिनल आयतं बांधलेलं होतं. पहिल्याने बांधकाम आणि प्रवासी दोन्हींची जोखीम घेतली, दुसऱ्याने मोजून पाहिलेले प्रवासी विकत घेतले. तरीही एवढं नक्की, की अनुभवी कंपनी चढ्या बोलीने येते म्हणजे जागा टाकाऊ नव्हती.

तर तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर: जागा ठीक, टर्मिनल घाईने मोठं, करार कच्चा. टर्मिनल टप्प्याटप्प्याने वाढवता आलं असतं, पण विश्वचषक आणि हबचं स्वप्न दोन्ही डोक्यावर होते. ब्राझीलने नंतर धडा घेतलेला दिसतो. 2019 च्या फेरीत रेसिफेसोबत मासेयो, झुआंव पेसोआ, आराकाझू असे सहा विमानतळ एकाच गठ्ठ्यात विकले, म्हणजे सशक्ताच्या जोरावर अशक्त चालावा, आणि सरकारला द्यायच्या रकमेचा काही भाग उत्पन्नाच्या टक्केवारीवर ठेवला. नाताल बिचारं एकटंच आणि सगळ्यांच्या आधी विकलं गेलं होतं.

गोव्याला हे किती लागू पडतं? थोडंच. नातालमध्ये एका दिवसात सगळी वाहतूक हलवली, त्यामुळे नव्याला जुन्याची स्पर्धा नव्हती. 5 जानेवारी 2023 ला मोपा सुरू झाल्यावर दाबोळी चालूच राहिला, म्हणजे एका राज्याचे प्रवासी दोन टर्मिनलांत वाटले जातात. उलट मोपाच्या करारात राज्याला उत्पन्नाच्या 36.99 टक्के वाटा आहे, ठरीव रक्कम नाही, त्यामुळे मंदीत ओझं आपोआप थोडं हलकं होतं. आणि गोव्याकडे नातालपेक्षा कितीतरी जास्त प्रवासी आहेत. दाबोळीचं पुढे काय हा प्रवासी-अंदाजाचा प्रश्न कमी आणि नौदल, दक्षिण गोव्याचं राजकारण आणि विमान कंपन्या यांच्या ओढाताणीचा जास्त आहे. तिथे माझा तक्ता कामाचा नाही.

आता तुमचा प्रवास. लिस्बनहून टॅप या पोर्तुगीज विमान कंपनीची थेट सेवा आहे, साधारण सात-साडेसात तास. भारतीय पासपोर्टवर ब्राझीलचा व्हिसा आधी काढावा लागतो. पोर्तुगालचा पासपोर्ट असलेल्या घरच्यांना पर्यटनासाठी तो लागत नाही, तेव्हा घरात दोन्ही प्रकार असतील तर कागद वेगवेगळे तपासा. टर्मिनल एकच आहे, त्यामुळे देशांतर्गत विमान बदलायचं असलं तरी बस पकडून दुसरीकडे जायची भानगड नाही. एरोब्रिज पुरेसे आहेत आणि मोठ्या इमारतीचा फायदा प्रवाशालाच होतो, रांगा आटोपशीर असतात. अडचण बाहेर आहे. हॉटेलं बहुतेक पोंता नेग्राच्या किनाऱ्यावर, शहराच्या दक्षिण टोकाला, जुन्या विमानतळाच्या बाजूला. नव्याहून तिथे रस्त्याने पस्तीस-चाळीस किलोमीटर. दक्षिणेकडच्या पिपा या किनारी गावाला जाणार असाल तर शंभरएक धरा. ईशान्य ब्राझीलमध्ये देशांतर्गत विमानं रात्री उशिरा किंवा पहाटे येण्या-जाण्याची रीत आहे, तेव्हा लहान मुलं बरोबर असतील तर गाडी आधीच हॉटेलमार्फत ठरवून ठेवा. डिसेंबर-जानेवारी तिथला भर हंगाम. परतीच्या दिवशी पोंता नेग्राहून निघताना विमानाच्या वेळेआधी चार तास हातात ठेवा, रस्त्याचा एक तास त्यातच धरून.